हिरवा म्हणजे हिरवा

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार. शिरूर

आज पहाटे कानात आरोळी घुमली, ‘होम हिरवाऽऽ’, आणि झोपेतच माझ्या तोंडून उत्तर गेलं, ‘हिरवाऽऽ’. सविता पोळी तव्यावर टाकून धावत आली. “कुणाला हाका मारताय आबा? शेजारचे म्हणतील, म्हातारा गेला.” लेक माझी, पण जीभ आईची, धुरपदाची.

तिला कसं सांगू. मनमाडकडून गाडी घेऊन आलो, की भीमेचा पूल ओलांडल्यावर दौंडचा होम, म्हणजे स्टेशनात शिरायच्या आधीचा सिग्नल दिसायचा. इंजिनात आम्ही दोघं. माझ्या असिस्टंटनं आधी बघून ओरडायचं, ‘हिरवा’. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून परत म्हणायचं, ‘हिरवा’. दोघांचा रंग एक झाला तरच गाडी पुढं. शाळेत गुरुजी कवितेची ओळ म्हणायचे आणि सगळा वर्ग मागून तीच ओळ म्हणायचा, तशीच गोष्ट. मी रेल्वेत निभावून गेलो तो त्या वर्गामुळंच, असं माझं मत आहे. ड्युटीवर असताना मीही दोन ओळी जुळवल्या होत्या.

हिरवा दिवा दिसे दुरूनी, वाट पुढे मोकळी असे,
ज्याने राखिला दिवा, तयाचे मुख ना कोणा कधी दिसे.

ही चाल मी नातीला, सविताच्या सायलीला, लहानपणीच लावली. अंगणात गाडी गाडी खेळताना ती असिस्टंट, मी ड्रायव्हर. आता ती रांजणगावला कंपनीत पत्र्याच्या प्रेसवर आहे, आणि तिथंही तिनं तेच चालू केलंय. यंत्राला म्हणे डोळा आहे. आत कुणाचा हात असला की दिवा लाल, हात बाहेर आला की हिरवा. पत्रा ठेवणारा मल्हारी. सायली पडद्यासमोर बसून म्हणते ‘हिरवा’, मल्हारी म्हणतो ‘हिरवा’, मग ती बटण दाबते. ऐकून माझी छाती फुलली.

पण वही आज काढली ती यासाठी नाही. काढली रागासाठी. सविता म्हणाली, “तुमचा राग वहीत लिहा, माझं डोकं खाऊ नका.” तर लिहितो.

काल रविवारी एक बाई घरी आल्या. अनुपमा नाव. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतून संशोधन करतात. माणूस यंत्रावर किती विश्वास ठेवतो, आणि यंत्राकडं बघत बसून त्याच्या डोक्यावर किती ताण येतो, याचा अभ्यास. त्यासाठी त्यांनी सायलीच्या कपाळाला पट्टा बांधलाय. काम चालू असताना मधेच पडद्यावर प्रश्न येतो, ‘यंत्रावर आत्ता किती विश्वास आहे? एक ते दहा.’ पोरीनं काम करायचं की परीक्षा द्यायची? घरी आल्या त्या तिची झोप विचारायला. किती झोपते, मधे उठते का. जेवते काय. मी म्हणालो, “बाई, स्थळ घेऊन आलात की काय?” सविता ओठ दाबून हसली.

बाईंनी मलाही सोडलं नाही. “आजोबा, तुमचा सिग्नलवर किती विश्वास होता? दहापैकी?”

“विश्वास काय तराजूत घालायचा असतो का? हिरवा म्हणजे हिरवा. त्यात दहापैकी काय?”

“पण कधी शंका आली असेल ना?”

“शंका आलेला माणूस पुढच्या स्टेशनाला पोचत नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मला काही आवडलं नाही. हसून लिहून घेतात, याचा अर्थ काहीतरी आपल्याविरुद्ध लिहितात.


१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आजचा दिवस सोन्याचा. खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना बोलावतात. सविताला शिवणाचं काम होतं म्हणून मी एकटाच सायलीबरोबर कंपनीच्या बसनं गेलो. धोतर, कोट, टोपी. संशोधनवाल्यांना सुट्टी होती, तेवढंच बरं.

आत गेलो आणि दौंडच्या इंजिन शेडचा वास आला. तेच तेल, तेच लोखंड. प्रेसला झेंडूच्या माळा, उसाची कांडी, समोर पाट. शिफ्टचे साहेब म्हणाले, “आबांच्या हातून पूजा होऊ द्या, त्यांनी इंजिनं चालवलीत.” मला कोट घातल्याचं सार्थक झालं.

मल्हारी तिथंच होता. वरवंडचा पोरगा, उंच, हसरा, लग्नाचा राहिलेला. मला म्हणतो कसा, “आबा, आधी माझ्या कपाळाला लावा. मशीनचं लगीन मागनं लागलं तरी चालंल, पण माझं आधी लागाया पायजे.” सगळे हसले. मी त्याला टिळा लावला. मग यंत्राला. आम्ही इंजिनाची पूजा करायचो तेव्हा हेडलाईटच्या काचेवर टिळा काढायचो, समोरून बघणाऱ्याला तोंड दिसावं म्हणून. इथंही मला पुढच्या बाजूला गोल काच दिसली, हेडलाईटसारखी, जरा बारकी. हळद कालवून घट्ट केली, वर कुंकू, आणि अंगठ्यानं मधोमध ठसठशीत टिळा ओढला. सायली पुढं येऊन “आबा, तिथं...” एवढं म्हणाली, तोवर साहेबांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. लाजली असेल पोरगी. आपल्या माणसाचा एवढा मान झाला की डोळे भरून येतातच.

मल्हारीनं फोटो काढला. सायलीनं तो मोठा करून आणायचं कबूल केलंय.


५ ऑक्टोबर, रविवार

फोटो आला. देवघराशेजारी लावला. टिळा लावताना मी अगदी तरुण दिसतो. सविता म्हणाली, “मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या, म्हणजे तुम्हाला खरं कसं दिसताय ते कळेल.”


८ ऑक्टोबर, बुधवार. दौंड

हे स्टेशनवरच्या बाकावर बसून लिहितोय.

रेल्वेच्या दवाखान्यात डोळे दाखवले. डॉक्टर पोरसवदा. म्हणाला, “आजोबा, दोन्ही पिकलेत. धूर असल्यासारखं दिसतं ना?” म्हणालो, धुरातच जन्म गेला, त्याचं काय. तो म्हणाला, दिवाळीनंतर या.

मग उगाच फलाटावर आलो. वाफेची इंजिनं गेली, डिझेलही गेली, तो धडधडाटही गेला. पुण्याची विजेवरची गाडी उभी आहे, तिला ना धाप ना दम. पलीकडं आमची रेल्वेची शाळा होती, खिडकीतून कविता बाहेर यायची आणि शंटिंगचा आवाज आत जायचा. गुरुजी म्हणायचे, ओळ पाठ आहे म्हणून डोळे मिटून म्हणू नका, शब्दाकडं बघा. आम्ही डोळे मिटूनच म्हणायचो. छान वाटायचं.

सविताचा फोन येतोय. पुढचं घरी गेल्यावर.


१० ऑक्टोबर, शुक्रवार. शिरूर

दोन दिवस वही उघडली नाही, आज लिहितो.

परवा सकाळच्या पाळीला मल्हारीचा उजवा हात प्रेसमधे सापडला. दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. सायली समोर होती. बटण तिनंच दाबलं होतं.

ती जेवत नाही. काल रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडली होती. आज सकाळी माझ्या शेजारी बसून तिनं सांगितलं, तसंच उतरवतो.

पत्रा जरा तिरका बसला होता. मल्हारीनं तो सरळ करायला हात आत घातला, रोज घालतो तसा, कारण हात आत गेला की दिवा लाल होतो आणि प्रेस खाली येतच नाही. पण परवा दिवा हिरवाच राहिला. यंत्राला हात दिसलाच नाही. त्याच वेळी सायलीच्या पडद्यावर त्या बाईंचा प्रश्न आला, ‘यंत्रावर किती विश्वास?’ तिनं नऊ दाबलं. प्रश्न गेला, दिवा बघितला, हिरवा. म्हणाली, “हिरवा.” पत्र्यावर डोळे ठेवून मल्हारी म्हणाला, “हिरवा.” तिनं बटण दाबलं.

“हात आत असताना त्यानं हिरवा का म्हटलं?” मी विचारलं.

“सवयीनं आबा. तोंडातून गेलं त्याच्या.”

आता मला कुणी सांगावं, यात माझ्या नातीचा काय दोष? दोष त्या पट्ट्याचा. त्या प्रश्नाचा. गाडी चालवताना कुणी ड्रायव्हरला विचारतं का, रुळांवर तुमचा किती विश्वास आहे? मी असतो तर त्या बाईंना इंजिनातून खाली उतरवलं असतं.

कंपनीनं सायलीला घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत.


१२ ऑक्टोबर, रविवार

राग, राग आणि राग.

पहिला राग कंपनीवर. आज कळलं, की या प्रेसला पूर्वी दोन बटणं होती, पत्रा ठेवणाऱ्यानं स्वतः दोन्ही हातांनी दाबायची. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे आत हात राहायला तिसरा आणायचा कुठून? साधी, शहाणी गोष्ट. डोळा बसवल्यावर ती बटणं काढून टाकली. का, तर माल जास्त निघतो. आता तेच साहेब म्हणतात, यंत्रात दोष नाही, मुलीनं यंत्रावर आंधळा विश्वास ठेवला. पुरावा काय? तिनंच नऊ दाबलंय. पोरीला विचारलं तुझा विश्वास किती, ती खरं बोलली, आणि तेच तिच्या गळ्यात बांधलं. खंडेनवमीला ‘आबा आबा’ करणारा हाच माणूस.

दुसरा राग घरातला. सकाळी देवघराकडं गेलो तर माझा फोटो नाही. खिळा नुसता. सायलीनं काढून ठेवलाय. विचारलं तर म्हणते, “आबा, पूजेचं आता कुणाजवळ काढू नका. कंपनीतलं कुणी आलं, पुण्याच्या मॅडम आल्या, तरी नाही. शपथ आहे माझी.”

का? धोतरातला आजा दाखवायची लाज वाटायला लागली? त्या दिवशी डोळ्यात पाणी आणून बघत होती. अपघात झाला म्हणून पूजाही अपशकुनी झाली वाटतं. शिकलेली माणसं. मी काही बोललो नाही. दुपारी जेवलो नाही, तेवढंच.

सविता ताट घेऊन आली. “तिच्यावर कशाला रुसता? ती तुमच्यासाठीच...” म्हणाली आणि थांबली.

“माझ्यासाठी काय?”

“काही नाही. आमटी गार होतेय.”

या घरात वाक्यं पुरी करायची पद्धतच राहिली नाही.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

मल्हारीला बघायला रांजणगावच्या दवाखान्यात गेलो होतो. झोपला होता, उठवलं नाही. हाताला पांढरा गठ्ठा बांधलेला. त्याची आई उशाशी बसली होती, तिनं मला चहा विचारला. मला तो पिववला नाही.

बाहेर पडतो तर अनुपमाबाई गेटशी. म्हणालो, आज सोडायचं नाही.

“काय बाई, मल्हारीचा विश्वास मोजायला आलात? दहापैकी किती बोटं उरली ते मोजा.”

त्यांचा चेहरा पडला. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आजोबा, तुमचा राग बरोबर आहे. तो प्रश्न त्या वेळी यायला नको होता. मी तसं लेखी दिलंय, माझ्या नावानं. पण एक ऐका. यंत्राला काही दिवस आधीपासून अंधुक दिसत होतं. त्याच्या नोंदी आहेत माझ्याकडे. काचेवर काहीतरी होतं. मी पोचेपर्यंत कंपनीनं सगळं यंत्र धुऊन पुसून ठेवलं. ते म्हणतात, काच स्वच्छच होती. सायलीला माहीत आहे तिथं काय होतं, पण ती सांगत नाही. तिनं सांगितलं तर दोष एकट्या तिच्यावर येणार नाही. मला फक्त तेवढं हवंय.”

“म्हणजे यंत्रालाही मोतीबिंदू. मग न्या त्याला दौंडला, दिवाळीनंतर बोलावलंय.”

“सायली कुणाला तरी वाचवतेय, आजोबा.”

“माझी नात चोर नाही काही लपवायला. आमच्या घरात हिरवा म्हणजे हिरवा.”

त्या म्हणाल्या, “हो. मी तिला विचारलं होतं, नऊ का दिलेस. तीही हेच म्हणाली. आमच्या आबांनी शिकवलंय.”

बसमधे हे वाक्य कानात वाजत राहिलं. अभिमान वाटायला हवा होता. का कोण जाणे, वाटला नाही. कुणाला वाचवत असेल ती? शिफ्टच्या साहेबाला? त्यानं काही धमकी दिली असेल. शोधून काढलं पाहिजे.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

आज मी नातीवर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा.

कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सायलीनं ऑफिसात यायचं आणि चूक माझीच होती असं लिहून सही करायची. मग पोलिसांत जाणार नाहीत, तिचा पगार चुकता करतील आणि तिला सोडतील. पण ही सही झाली की रांजणगावातली एकही कंपनी तिला दारात उभी करणार नाही. तिथं सगळे साहेब एकमेकांना फोन करतात. डिप्लोमा केला, पहाटेच्या अंधारात बस धरली, सगळं पाण्यात.

आणि पोरगी शांतपणे म्हणते, “करते सही.”

“तुझी चूक नाही तर सही कशाची?”

“माझी आहे आबा. मला दिसलं होतं.”

“काय दिसलं होतं?”

तिनं लाडवाची वाटी माझ्या हातात दिली.

“कोण आहे तो, ज्याला पाठीशी घालतेस? त्या साहेबाला? नाव सांग, मी उद्या गेटवर जाऊन त्याची टोपी उडवतो. ज्याच्यामुळं त्या पोराची बोटं गेली आणि तुझं नाव जातंय, त्याला तू देवासारखा झाकून ठेवतेस? त्याला लाज नाही? तो बसला असेल घरी लाडू खात.”

मी हे अगदी असंच बोललो. सायली माझ्याकडं बघत राहिली आणि तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हसेल किंवा ओरडेल. तिनं दोन्ही केलं नाही. उठून माझ्या हातातली लाडवाची वाटी घेतली, रिकामी झाली होती, आणि मोरीत ठेवायला गेली.

सविता तेवढं म्हणाली, “आबा, बास. बीपीची गोळी घेतली का?”


२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

जसं झालं तसं लिहितो.

निवृत्तीच्या दिवशी माझ्या गार्डमित्रानं मला हातातला सिग्नलचा दिवा दिला होता. रॉकेलचा, पितळी. आतली रंगीत काच फिरवली की लाल, हिरवा, पांढरा. दर लक्ष्मीपूजनाला तो घासून पूजेत ठेवतो. दरवर्षी पूजा सविता करते. औंदा तिचं कशात लक्ष नाही, सायली खोलीतून बाहेर येईना. म्हणून मीच पाट मांडला. हळद कालवली. दिव्याच्या पुढच्या काचेवर मधोमध टिळा लावला, ठसठशीत. वात पेटवली. अंगणात अंधार झाला होता, म्हणून उगाच हौसेनं काच हिरव्यावर फिरवली आणि भिंतीवर उजेड टाकला.

हिरवा आलाच नाही. भिंतीवर मधोमध एक मळका काळा डाग, आणि कडेला थोडंसं काहीतरी हिरवट. काच लालवर फिरवली. तरी तोच डाग.

दिवा वळवून काचेवरचा टिळा बघितला.

मग सायलीला हाक मारली. विचारलं, “बाळ, त्या यंत्राचा डोळा नक्की कुठं असतो गं?”

ती दारात उभी राहिली. दिव्याकडं बघितलं, काचेकडं बघितलं. खाली बसून ओढणीच्या टोकानं तिनं काच पुसली. हिरवा उजेड भिंतीवर आला.

“पुढच्या बाजूला,” ती म्हणाली. “गोल काच आहे ना, तीच.”

मी टिळा लावला तो दिवा नव्हता.

“दुसऱ्या दिवशी मी पुसला होता आबा. सगळा नाही. मधला पुसला. खालचा राहू दिला. तुमच्या हातचा होता. आणि हिरवा तर लागतच होता. मग तेलाचे फवारे उडाले आणि ते पसरलं. मला दिसत होतं जरा पिवळट. रोज म्हणायचे, उद्या पुसू. दिवा हिरवा लागतोय ना, मग कशाला काळजी.”

एवढं बोलून ती म्हणाली, “फराळ करून घ्या. आणि हे कुणाला सांगायचं नाही. पंच्याहत्तरीत तुम्हाला पोलिसात घेऊन फिरणार नाही मी.”

रात्री बिछान्यात पडल्यावर शेड आठवली. आम्ही हेडलाईटवर टिळा लावायचो, हार घालायचो, नारळ फोडायचो, पेढा खाऊन घरी जायचो. आणि इंजिन शेडमधून निघायच्या आधी एक खलाशी, शेडमधला पडेल ते काम करणारा, ओलं फडकं घेऊन शिडीवर चढायचा आणि काच लख्ख पुसून घ्यायचा. दर वर्षी. न सांगता. मी त्या माणसाचं नाव कधी विचारलं नाही. टिळा लावणं तेवढं माझ्या ध्यानात राहिलं.

त्या माझ्या दोन ओळी आता मला म्हणवत नाहीत.


२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सकाळी अनुपमाबाईंना फोन करायचा होता. केला नाही. दुपारी करायचा होता. केला नाही. कंपनीनं बटणं काढली, तो गुन्हा त्यांचाच, असं दिवसभर स्वतःला सांगत बसलो. ते खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही. लाडू खाणारा घरीच बसलाय.


२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

सही उद्या आहे. सायलीला सख्खा भाऊ नाही, त्यामुळं आमच्याकडं हा दिवस तसा मुकाच. सकाळी तिनं उद्याचे कपडे इस्त्री करून ठेवले. मी तिच्या मागं मागं फिरत होतो. तोंड उघडायचो आणि पाणी मागायचो. तिनं तिसऱ्यांदा पाणी दिलं आणि म्हणाली, “आबा, नको.” काय नको ते आम्हा दोघांना माहीत.

आत्ता दार वाजलं. वाटलं कंपनीचा माणूस. मीच तावातावानं उघडलं.

मल्हारी. एकटा. उजवा हात गळ्यात, डाव्या हातात मिठाईचा पुडा. वरवंडहून एस्टी बदलत बदलत आलेला, घामानं भिजलेला.

“ताई हायेत का घरात?”

सायली आतून आली आणि भिंतीला टेकली. तो तिच्याकडं बघून हसला. तसाच, खंडेनवमीसारखा. “दोघी बहिणी सोलापूरकडं हायेत. गाडी चालवता येत न्हाई औंदा. म्हनलं, जवळची बहीण शिरूरला हाय, तिच्याकडनं ओवाळून घ्यावं. ओवाळणार न्हाई व्हय ताई? ओवाळणीला आणलंय की, फुकाट न्हाई आलो.”

सविता ताट करायला पळाली.

“आन् उद्या तुम्ही सही करू नका,” तो म्हणाला. “मी येतो संगट. सांगतो सायबाला, हात आत आसून मीच हिरवा म्हनलो. चूक माझी. माझं काय, मला आता कोण घेतंय प्रेसवर.”

मग तो माझ्याकडं वळला. वाकला आणि डाव्या हातानं माझ्या पायाला हात लावला.

“आबा, आई म्हनली, आदी आबांच्या पाया पडून ये. तुमी त्या दिशी टिळा लावला म्हनून दोन बोटांवर भागलं. न्हाईतर मनगटापास्नं गेला असता. तुमच्या हाताचा आशीर्वाद हाय म्हनायचा.”

ताट घेऊन उभ्या असलेल्या सायलीनं त्याच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं आणि हळूच मान हलवली. सांगू नका.

मी म्हणालो, “बस रे पोरा. जाऊ नकोस. माझा चष्मा आत राहिलाय, घेऊन येतो.”

म्हणून आत आलोय आणि हे खरडतोय. इतके दिवस राग कुणावर काढावा, त्याची माणसं शोधत गावोगाव फिरलो. बाहेर मल्हारी सायलीला सांगतोय, “कुंकू जरा मोठं लावा, आबांनी लावलं तसं.” हसतायत. दोन पोरं उद्या आपापल्या अंगावर चूक घेऊन एकाच बसनं रांजणगावला जाणार, आणि मी घरी फराळाचा डबा सांभाळणार, असं ठरलंय त्यांचं.

तसं होणार नाही. ओवाळून झालं की सायलीला म्हणतो, अनुपमाबाईंना फोन लाव आणि आवाज मोठा कर, मल्हारीलाही ऐकू येऊ दे. देवघरातला फोटो कुठं ठेवलाय तेही सांग, उद्या बरोबर न्यायचाय, त्यात काचेवरचा टिळा दिसतो. बटणं काढल्याचंही साहेबांना तिथंच विचारतो. पण आधी मल्हारीला सांगतो, त्याच्या तोंडाकडं बघून.

चष्मा नाकावरच आहे. जातो.